कानाचं माप

"नाई वं पोरी. यात थे नाई."

आजीने कानातले दोन्ही इयरफोन ओढून काढले आणि संबोधीच्या हातावर ठेवले.

सबंध अकोल्यात कुणी कॅसेट वाजवून देईना, म्हणून संबोधी बाबांच्या मागे लागून अमरावतीपर्यंत गेली होती. तिथल्या दुकानदाराने आबांची कॅसेट मोबाइलमध्ये उतरवून दिली खरी, पण उतरवता उतरवता आतली पट्टी तुटली ती तुटलीच. देवराव आबांना, तिच्या आजोबांना, जाऊन वीस वर्षं झालेली; संबोधीने त्यांना पाहिलं ते भिंतीवरच्या फोटोत. पलटणीतून त्यांनी पत्राऐवजी बोलून पाठवलेल्या बाकीच्या कॅसेटी केव्हाच उंदरांनी खाल्लेल्या. उरली ती ही एक. आता जे काही होतं, ते मोबाइलमधल्या या अकरा मिनिटांत. यात नाही, तर मग कुठेच नाही.

"आबा बोलून तर राहिले ना, आजी!"

"बोलून राह्यले. पन टिनाच्या डबीतून बोलल्यावानी. कोनीबी वाटते. अन् शेवटचं थे तं नाईच."

"शेवटचं कोणतं?"

आजीने दाराकडे पाहिलं. घरात दोघींशिवाय कुणी नव्हतं, तरी तिने आवाज खाली आणला.

"टेप ओट्यावर लागे. सासू, सासरे, दोन दीर, जाऊ, अर्धी गल्ली. सगळ्याइले नाव घेऊ घेऊ जयभीम करे हा मानूस. बकरी व्याली का म्हनून इचारे. मोठ्या मान्साइसमोर माहं नाव कसं घीन? तवा नव्हते घेत. म्याबी त्याइचं नाव घेतलं नाई कधी."

"मग तुला काहीच नाही?"

"काहून नाई? आखरीले खाकरे ना."

"खाकरे?"

"घशातल्या घशात. असं... हं‌ऽऽ." आजीच्या गळ्यातून दूरवर पिठाची गिरणी चालावी तसा बारीक घरघराट निघाला. "थे माह्यासाठी राहे. सासूले वाटे पोराले सरदी झाली. दोन डाव सुंठीचा डबा धाडला बिचारीनं."

संबोधी पोट धरधरून हसली. आजीही हसली, पण अर्ध्यावरच थांबली. तुटलेली कॅसेट तिच्या मांडीवर होती. बाहेर लोंबणारी तपकिरी पट्टी ती करंगळीने हळूहळू आत सारत होती.

संबोधीने इयरफोन स्वतःच्या कानात घातले आणि शेवटचं मिनिट लावलं. खरखर. "रामाले जयभीम सांगजा. शांतीले जयभीम सांगजा." मग थोडी शांतता. आणि तिच्या तळाशी, अगदी खोल...

"आहे! आजी, आहे गं!"

"मले काहून नाई आयकू आलं मंग?"

हा प्रश्न अगदी योग्य माणसाला विचारला गेला होता. स्वस्तातले इयरफोन या विषयात अकरावी 'ब'मध्ये संबोधीचा हात धरणारं कुणी नव्हतं. "ढमढम वाजतच नाही," म्हणत कुणी रडत आलं की ती आधी त्याचा कान बघायची, मग इयरफोन. मुली तिला कानाची डॉक्टरीण म्हणत, आणि ती ते हक्काने म्हणवून घेत असे. कानाच्या भोकाला रबर घट्ट बसलं नाही, तर जाड आवाज फटीतून गळून जातो आणि मागे उरते नुसती चिरचिर. रबर तिच्या कानाच्या मापाचं होतं. आजीच्या नव्हे.

तिने कंपासपेटी उपडी केली. इयरफोनसोबत रबरांच्या तीन जोड्या आल्या होत्या. बारकी हरवली होती, मधली लावलेली, आणि मोठी अजून पुडीतच. तिने मोठी चढवली. आजीचा कान वर-मागे ओढला, इयरफोन आत सारून किंचित फिरवला. मग दुसरा.

"अवं, कान बुजले ना माहे!"

"बुजू दे. बुजलेच पाहिजेत."

"काय म्हनतं?"

"बस्स. आता बसलं!"

तिने मोबाइलवर सगळं पहिल्यापासून लावलं.

आजी आधी दचकली. मग तिने छातीवर हात ठेवला. तिचे ओठ हलू लागले, आवाजाच्या जरा पुढेच, पाठ केलेल्या धड्यासारखे. सासू. सासरे. थोरला दीर. मध्येच बकरी. नाव येईल तशी ती मान वळवत होती. कधी खिडकीकडे, कधी कोपऱ्यातल्या गॅसकडे, जणू ज्याची त्याची जागा ठरलेली होती. अकरा मिनिटं संबोधी मोबाइल धरून बसली. एवढा वेळ गप्प बसणं तिला परीक्षेतही जमलं नव्हतं.

शेवटी आजीची मान वळायची थांबली. डोळे मिटले. चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने पदर डोक्यावर ओढला, तोंडापुढे आडवा हात धरला आणि अगदी हळूच, कुणाला कळू नये इतकं हळूच बोलावं, तशी पुढे झुकली.

कान मात्र गच्च बुजलेले होते. आपला आवाज केवढा निघतोय, हे तिला कसं कळावं?

"आयकलं जी, देवराव!"

समोरच्या घरातली शालूकाकू हातातलं सूप घेऊन तशीच दारात आली.

"कोनाले हाका मारून राह्यल्या वं मावशे?"

संबोधीने तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.