पायरीपर्यंत

ऑर्विलकाकांचा कुत्रा गस पुन्हा मागच्या पायऱ्यांच्या कठड्यालाच बांधलेला होता. साखळीने गजांना वेढे घातले होते आणि ती इतकी आखडली होती, की बिचाऱ्याचं तोंड पाण्यापर्यंतही पोचेना. मारलाने आधी वेढे सोडवले, मग दारावर थाप मारली.

"ऑर्विलकाका! हा काय पोरखेळ लावलाय?"

गावातली कुत्री नीट बांधली आहेत की नाहीत, हे बघणं तिचं काम. गेल्या आठवड्यात तिने स्वतः शिडीवर चढून इथल्या अंगणात बर्चच्या दोन झाडांमध्ये तार ताणली होती, तारेवर सरकणारी दोरी लावली होती. सावली, पाणी, लाकडी खोपटं, सगळं नियमाप्रमाणे.

म्हातारे ऑर्विल दारात आले. नाकात ऑक्सिजनची नळी. "तिथं नाही बांधायचा मी त्याला."

"आणि इथं कठड्यावरून उडी मारली की गळफास! शेजाऱ्यांचा दुसऱ्यांदा फोन आलाय, काका. आता मला त्याला घेऊन जावं लागेल. घरात तरी ठेवा."

"घरात तो या नळीत अडकतो. परवा दोघंही आडवे झालो." ऑर्विल पायऱ्या उतरू लागले आणि शेवटच्या पायरीवर थबकले. नळी ताणली होती. "ही माझी हद्द. तुझं झाड तिकडे. तिथून तो रडतो, इथून मी बघतो. डोक्यावर हात फिरवल्याशिवाय जेवत नाही गं तो. न्यायचा तर ने, पण मला नियम नको सांगूस."

मारलाला वाईट वाटलं. ती आत गेली, नळीच्या मागोमाग. स्वयंपाकघर, बोळ, बैठकीच्या खोलीला वळसा, आणि पार टोकाला झोपायची खोली. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं.

"हे इथं कशाला?"

"बसवणाऱ्याने ठेवलं. रात्री लागतं ना."

"आणि दिवसा?"

ऑर्विल जरा ओशाळून म्हणाले, "ते हलवतात होय?"

"अहो, चाकं आहेत त्याला!"

तिने त्यांना खुर्चीत बसवलं, मशीन क्षणभर बंद केलं आणि ढकलत मागच्या दाराशी आणून पुन्हा सुरू केलं. मग गसला नेऊन बर्चखालच्या दोरीला बांधलं.

मारलाचा खांदा धरून ऑर्विल पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर सवयीने थांबले. मग हळूच एक पाय गवतावर ठेवला. नाकाला ओढ बसली नाही. दुसरा ठेवला. तरी नाही.

ते बर्चखाली पोचले तेव्हा गसने अंगावर उडी मारली नाही. त्यांच्या बुटांवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. ऑर्विलनी वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कितीतरी वेळ. मग मागे वळून पाहिलं. गवतात नळीचा ढिला वेढा पडला होता.

"अगं," ते म्हणाले, "ही तर अजून उरलीये."