आधी अतिथी

“कोणी उपाशी आहे का?” दारात उभं राहून नेमबुवांनी रस्त्याला विचारलं. विचारलं म्हणजे पुटपुटले. जेवणाआधी गृहस्थाने अतिथीची वाट पाहावी, असं शास्त्र आहे. त्याला ऐकू जाईल असं बोलावं, असं कुठे म्हटलेलं नाही. गल्लीतली कुत्रीसुद्धा या प्रश्नाला कान टवकारत नसत.

देव, पितर, ऋषी, प्राणिमात्र आणि अतिथी या पाचांचं देणं नेमबुवा रोज फेडत. म्हणूनच गल्लीने त्यांना हे नाव ठेवलेलं. पाचांचा स्वयंपाक मात्र बायको करी. काल शेगडीपुढे तिला भोवळ आली आणि नैवेद्याआधीच तिने एक घास तोंडात टाकला. नेमबुवांनी सगळं अन्न मोरीत ओतलं, प्रायश्चित्त म्हणून तिचं जेवण बंद केलं आणि स्वतः खाणावळीत जेवून आले.

“आहे,” आज उत्तर आलं.

पायरीखाली बायको उभी होती. मागच्या दाराने निघून, वळसा घालून आलेली. पायात चपला, हातात पिशवी.

“हा काय तमाशा?”

“वाटसरू आहे. कालपासून पोटात काही नाही.”

समोरच्या शिंप्याने मशीन थांबवलं. “बुवा, सापडला की एकदाचा अतिथी!”

“आत ये मुकाट्याने,” नेमबुवा तिच्यावर खेकसले.

“या म्हणावं, बुवा. पाहुण्या आहेत.”

नेमबुवा दातओठ खात म्हणाले, “या.”

ती सरळ नेमबुवांच्या पाटावर बसली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाला वाढलं. भाताचा ढीग झाला, भाजी पानाबाहेर गेली.

“मीठ?” तिने विचारलं.

नेमबुवांनी सगळे डबे उघडून पाहिले. “कुठे मरायला ठेवलंयस?”

“ते घरातल्या बाईंना विचारा. मी परकी.”

ती सावकाश, पोटभर जेवली. हात धुतला, “अन्नदाता सुखी भव” म्हणाली, चपला घातल्या आणि पिशवी उचलून रस्त्याला लागली. कोपऱ्यावर बस उभी होती.

“अहो बुवा, त्या खरंच चालल्या! थांबवा!” शिंपी ओरडला.

“अतिथीला अडवत नाहीत!” नेमबुवा कडाडले.

बस गेली. अतिथी गेला की मग यजमानाने जेवायचं. नेमबुवा आत आले, पाटावर बसले, पान पुढे ओढलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून गरजले, “वाढ गं!”