मास्तराचं स्थळ

“गुण जुळत नाहीत,” दिगंबर गुरुजी म्हणाले आणि त्यांनी पानाचं तबक पाहुण्यांपुढे सरकवलं.

शनवारा मोहल्ल्यातल्या गुरुजींच्या घरी पुढच्या खोलीत सतरंजीवर तिघं बसली होती. शाहपूरची भागाबाई, तिचा भाऊ चुडामण आणि दोघांच्या मधे तिचा मुलगा लीलाधर. लीलाधर जसोंडीच्या शाळेत मास्तर होता. गुरुजींच्याच हाताखाली शिकलेला. आज तिघं गुरुजींच्या मालतीला मागणी घालायला आली होती. गुरुजींच्या बायकोने, सुमनबाईंनी, केलेले मांडे खाऊन नुकतीच हात धुऊन बसली होती.

भागाबाईने पान उचललं नाही.

“गुरुजी, पत्रिका त आम्ही अजून दिलीच नाही. हे काय, माझ्या पिशवीतच आहे.”

गुरुजींचा हात तबकावरच राहिला. आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. खोटं बोलणाऱ्या पोरांना छड्या मारण्यात गुरुजींची उमर गेली होती. स्वतः खोटं बोलायची सवय नव्हती.

“नावराशीवरून पाहिलं मी,” ते म्हणाले.

“कोणत्या नावाच्या?” चुडामणने विचारलं. “लीलाधर हे नाव तुम्हीच लावलं त्याले, शाळेत दाखल केला तवा. घरी त तो कडू होता. इसरले काय?”

गुरुजी विसरले नव्हते. हुशार पोराला हे नाव शोभत नाही, असं तेच म्हणाले होते. त्यांनी उपरणं सारखं केलं.

“साफ बोला गुरुजी. पोरगं वाईट आहे काय?” चुडामण म्हणाला.

“नाही, नाही. सोन्यासारखा आहे.”

“बिडी-काडी?”

“काय बोलता चुडामणराव! मी ओळखत नाही का त्याला?”

“मंग?”

“मामा, राहू द्या,” लीलाधर हळूच म्हणाला. तो खाली सतरंजीकडे पाहत होता.

“कसं राहू देऊ? याले मिलमध्ये टाइमकीपरची जागा भेटत होती. मीच शब्द टाकला होता. त हा म्हणे, गुरुजी सांगतात मास्तर हो. नवं राज्य झालं, भोपाळ राजधानी झाली, आता सगळ्या मास्तरांचा पगार एक होईल, चांगला होईल. साल होऊन गेलं. इंदूरकडच्या मास्तराचा वेगळा, आपल्याकडचा वेगळा, अन् चांगला कोणाचाच नाही. तरी आम्ही बोललो काय? म्हटलं, गुरुजी सांगतात त बरोबरच सांगत असतील.”

गुरुजींनी घसा साफ केला. “खंडव्याहून एक स्थळ आलंय. मुलगा रेल्वेत पार्सल बाबू आहे.”

“शिकलेला किती?” भागाबाईने विचारलं.

“मॅट्रिक.”

“माझा बी मॅट्रिक आहे. वर मास्तरकीची ट्रेनिंग केली.”

गुरुजींनी तबक बाजूला सारलं.

“भागाबाई, तुम्हाला बाहेरून दिसत नाही. सुमनच्या अंगावरचा एकेक दागिना मुलांच्या आजारपणात गेला. शाळा सुटली की मी शेटजींच्या नातवांना शिकवायला जातो. त्यांचा मुनीम माझ्यासमोर खुर्चीवर बसतो. चौथी पास आहे तो. मी खाली बसतो. बाजारात माणसं मला वाकून रामराम करतात आणि दुकानदार उधार द्यायला नको म्हणून आत निघून जातो. मी मास्तराच्या घरात मुलगी देणार नाही!”

शेवटचं वाक्य त्यांना हळू बोलायचं होतं. पण त्यांच्या आवाजाला वर्गातल्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचायची सवय होती. ते खिडकीतून रस्त्यावर गेलं. समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या बाईने मान वर करून पाहिलं.

चुडामण उठून उभा राहिला. भागाबाई उठली नाही. ती रागावली नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं.

“मंग गुरुजी, माझ्या पोराले काहून सांगितलं?”

गुरुजींनी तबक पुन्हा तिच्यापुढे सरकवलं. वर्गात कुठल्याच प्रश्नाला ते कधी अडले नव्हते.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. कोणी बोलावलं नव्हतं, तरी मालती चहा घेऊन आली. थाळीत तीनच कप होते. तिने पहिला कप लीलाधरपुढे ठेवला.

“घ्या, मास्तर,” ती म्हणाली.

वडिलांकडे न पाहता ती आत गेली. चुडामण पुन्हा खाली बसला, कारण पुढ्यात आलेला चहा टाकून जायची रीत नव्हती. तिघांनी चहा घेतला. फुंकरीचा आणि घोटांचा आवाज येत राहिला. गुरुजी रिकाम्या हातांनी बसून होते. कोणीतरी आपल्याला चार शब्द सुनवावेत, असं त्यांना वाटत होतं. चुडामण तापट माणूस होता. पण त्याने कप पालथा घालून फक्त “येतो” म्हटलं आणि बहिणीला हात देऊन उठवलं.

लीलाधर दारापाशी थांबला.

“गुरुजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” तो म्हणाला. “मला बहीण असती तर मी पण...”

वाक्य त्याने पुरं केलं नाही. नमस्काराला तो खाली वाकला.

गुरुजींनी पाय झटकन मागे घेतले. लीलाधरचे हात सारवलेल्या मोकळ्या जमिनीवर टेकले. क्षणभर ते तिथेच राहिले. मग त्याने तीच बोटं कपाळाला लावली आणि चपला घालून तो आईच्या मागे निघाला.