चार बोटं माया

पोरं बघता बघता वाढतात आणि कपडे तोकडे पडतात, म्हणून लेकीचा प्रत्येक फ्रॉक शिवताना ती खालच्या दुमडीत चार बोटं माया सोडायची, वर्षानं उसवून फ्रॉक लांब करायची. आज सकाळी लेक तापातच गेली. तिला घालायचा शेवटचा फ्रॉक बेतायला ती बसली, तेव्हा थोरला भाऊ शेजारी टेकला. “देवाला आधीच ठाऊक होतं गं. माणसाच्या हातात काही नसतं.” तिच्या हातात कात्री होती. “नुसतं ठाऊक होतं, दादा, की त्यानंच ठरवलं?” “दोन्ही एकच.” “एकच कसं? ती आता वाढणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. ते मी ठरवलं?” डोळे पुसत भाऊ म्हणाला, “झालं ते झालं. आता माया सोड.” तिनं लेकीच्या मापापुढे चार बोटं धरून कात्री चालवली. “सोडली, दादा.”