पळसदेवचं धुकं

निकितानं चित्राला काच लावू दिली नव्हती. काचेत समोरच्या खिडक्या दिसतात आणि धुकं मरतं, असं तिचं म्हणणं. वडगाव निंबाळकरला आप्पासाहेबांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती आणि हॉलच्या भिंतीवर तिचं जलरंगातलं चित्र टांगलं होतं. पहाटेचं पळसदेव, धरणाचं ओसरलेलं पाणी, धुक्यात नुसता जाणवणारा देवळाचा कळस. पाहुणे येत, सोफ्याचं कौतुक करत आणि जेवायला पळत. मेल्यांना चित्राशी काय देणंघेणं! ती वाट बघत होती सावळाराम सरांची. कुंचला धरायला त्यांनीच शिकवलेलं, पण आजवर 'बरं आहे'च्या पुढं त्यांची गाडी गेली नव्हती.

सरांच्या आधी आल्या घरच्या मालकीण विजयमालाकाकू, पूजेचं ताट घेऊन.

"अगं बया, देऊळ हाय की ह्यात! आन् महादेव बिनपूजेचा ऱ्हायला व्हय?"

निकिता उठेपर्यंत काकूंनी फुलानं पाणी शिंपडलं, बोट कुंकवात बुडवलं आणि कळसावर टेकवलं. भिजल्या कागदावरून लाल ओघळ थेट पाण्यात उतरला.

"अवो काकू, चित्र हाय ते!"

"मंग? चित्रातला झाला म्हून काय देव न्हाय का त्यो?" म्हणत काकू फ्रिजला कुंकू लावायला गेल्यासुद्धा.

निकिताला शिसारी आली. त्या ताटाची, बुंदीच्या वासाची, असल्या घरात चित्र दिलं म्हणून स्वतःचीही. उतरवून न्यावं म्हणून तिनं खुर्ची ओढली, तोच सर दारात. चपला काढून ते सरळ भिंतीपाशी गेले. जवळ गेले, मागं सरले, डोळे बारीक केले.

"धुकं चांगलं सोडलंयस," शेवटी ते म्हणाले. "पण चित्र केलंय ते ह्या लाल फटकाऱ्यानं. उजाडतंय बघ. इतकी वर्षं तुझा हात भित्रा होता. हे धाडस कधी आलं गं?"

निकितानं खरं सांगायला तोंड उघडलं. चित्राकडं बघितलं. खरंच उजाडत होतं. तिनं ओढलेली खुर्ची परत जागेवर सरकवली.

"आजच आलं, सर," ती म्हणाली.