कारखानीस बाईंचा माइक

माझ्या शाळेत मधल्या सुट्टीला माइक काढून चार्जिंगला लावायचा, हा नियम मीच घातलाय. कारखानीस बाई विसरल्या. पदराला माइक तसाच ठेवून शिक्षकांच्या खोलीत गेल्या. मी त्यांचा तास बघायला पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते.

भिंतीवरच्या स्पीकरमधून त्यांचा घोगरा आवाज आला, "अक्कासाहेबांना सही धड येत नाही आणि निघाल्यात शाळा चालवायला!" डबे खाणारी पोरं माझ्याकडे बघून खिदळली.

बाई परत आल्या. पोरांची तोंडं बघून त्यांचा हात पदराकडे गेला.

"यंत्र झकास आहे," मी म्हणाले. "शब्द न् शब्द ऐकू आला. काढा, द्या इकडे."

"अक्कासाहेब, घशाचं ऑपरेशन झालंय. मोठ्याने बोलले तर आवाज कायमचा जाईल, डॉक्टर म्हणालेत."

"माझी उणीदुणी काढताना घसा बरा चालला. शिकवा."

माइक माझ्या हातात देऊन त्यांनी कविता सुरू केली. पहिल्या बाकाच्या पुढे काही ती पोचेना. पोरं आता हसत नव्हती.

"मोठ्याने, बाई," मी मागून म्हणाले. "इथे ऐकू येत नाही."