विहीणबाईंचं पुरे

साखरपुड्याच्या पंगतीत व्याही शंकरराव जिलब्यांची परात घेऊन कुमुदिनीबाईंच्या पानापुढे वाकले. बाईंनी पानावर आडवा हात धरला.

"पुरे. पोट भरलं."

"मनगटावरची पट्टी थरथरली वाटतं, विहीणबाई? एक दिवस डॉक्टरांचं नका ऐकू."

पोट भरणं म्हणजे काय, हे पन्नास वर्षं बाईंना ठाऊकच नव्हतं. गेली दोन वर्षं डॉक्टरांनी मनगटाला बांधलेली पट्टी पोट भरल्याची खूण म्हणून थरथरली की त्यांचा हात थांबायचा, आणि डॉक्टर दर महिन्याला ती थरथर थोडी कमी करत आणायचे. तीस किलो उतरले होते.

बाईंनी हिरव्या बांगड्या वर सरकवल्या. मनगटावर पट्टीचा नुसता फिकट वळ होता.

"पट्टी सोमवारीच डॉक्टरांनी काढून घेतली, व्याहीबुवा. आज माझं मलाच कळलं."

शंकररावांनी परात पुढच्या पानाकडे नेली.